त्या झग्यात दोघे मावले असते



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी सारी नोकरी आठवी ते दहावीच्या वर्गांवर काढली. म्हणजे तेरा ते सोळा या वयाच्या मुलामुलींत. या व्यासपीठावरून आजवर संतसाहित्यावर बोललं गेलं, सहकारावर, पाणीप्रश्नावर बोललं गेलं. बाईंच्या त्या मुलांवर मात्र फारसं कुणी बोललेलं नाही. म्हणून कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा मी सांगून टाकलं : दोन जिवलग मित्र, वय वर्षं चौदा, आणि त्यांच्यातला मत्सर. त्यांनी विचारलं, "कोणते मित्र?" मी म्हटलं, "हॅरी पॉटर आणि रॉन वीझ्ली." फोनवर जरा वेळ कुणीच बोललं नाही. मग ते अदबीनं म्हणाले, "पत्रिकेत नुसतं 'किशोरवयीन मैत्री' असं छापू का?"

तर छापलंय ते तसं. पण बोलणार आहे मी हॅरी आणि रॉनवरच. पुढच्या रांगांमधल्या ज्या मंडळींनी ही पुस्तकं वाचलेली नाहीत त्यांनी बिचकू नये, कथा मी सांगतो. मागे कॉलेजची मंडळी बसली आहेत, त्यांना ती तोंडपाठ असणार. त्यांनी माझ्या चुका टिपून ठेवाव्यात.

जे. के. रोलिंग या ब्रिटिश लेखिकेची ही सात पुस्तकं. पहिलं १९९७ सालचं, सातवं २००७चं. मराठीतही ती आली. आईबापाविना मावशीच्या घरी हाल काढणाऱ्या हॅरीला अकराव्या वाढदिवसाला कळतं, की आपण जादूगार आहोत. नुसते जादूगार नाही, त्या जगातले सर्वांत नामांकित पोर आहोत. तान्हं असताना एका दुष्ट जादूगारानं याच्यावर केलेला वार उलटला, वार करणारा नष्टप्राय झाला, आणि याच्या कपाळावर विजेच्या आकाराचा व्रण राहिला. तो व्रण सारं जग ओळखतं. हॉगवर्ट्स नावाच्या जादूच्या शाळेला निघालेल्या आगगाडीत याला पहिला मित्र भेटतो, तो रॉन.

आता रॉन कोण? सहा भावांतला सहावा, आणि त्याच्यामागून आलेली एकुलती एक बहीण. थोरला शाळेचा मुख्य विद्यार्थी होऊन गेला, दुसरा संघाचा कप्तान होऊन गेला, तिसऱ्याला मॉनिटरचा बिल्ला मिळालाय, मधले जुळे साऱ्या शाळेचे लाडके विनोदवीर. रॉन त्या पहिल्याच भेटीत सांगून टाकतो, की मी यातलं काहीही केलं तरी नवल कुणाला वाटणार, आधीच्यांनी ते करून ठेवलंय. अंगावर थोरल्याचा जुना झगा, हातात दुसऱ्याची जुनी छडी, खिशात तिसऱ्याचा म्हातारा उंदीर. घरून बांधून दिलेली सँडविचेस, तीही न आवडणारी. समोर बसलेल्या हॅरीच्या खिशात पहिल्यांदाच पैसे आहेत. तो खाऊच्या गाडीवरचं सगळं थोडंथोडं विकत घेतो आणि दोघे मिळून खातात.

मैत्री तिथे जुळते. पुढे जे दुखणार आहे त्याचं बीसुद्धा त्याच डब्यात पडतं. हॅरीनं खाऊ वाटला तो मनापासून, रॉननं खाल्ला तोही मनापासून. तरी एकानं दिलं आणि दुसऱ्यानं घेतलं, हे राहतंच. देणारा ते विसरतो. घेणारा विसरतो का हो?

आपण मत्सराला षड्रिपूंच्या यादीत सहावा नंबर देऊन मोकळे झालो. रिपू म्हटला की त्याला जिंकायचं, एवढंच उरतं. त्याच्याकडे नीट बघायचं राहून जातं. आणि मुलांच्या बाबतीत तर आपण फार घाईत असतो. "मैत्रीत असं जळायचं नसतं" म्हटलं की झालं आपलं काम. मला आज नेमकं बघायचंय ते हे, की चौदा वर्षांचा एक चांगला मुलगा आपल्या सर्वांत लाडक्या मित्रावर जळतो, तेव्हा त्याला दुखतं कुठे?

त्यासाठी चौथ्या पुस्तकातल्या एका रात्रीकडे जाऊ. २००० साली आलेलं हे पुस्तक. हॉगवर्ट्समध्ये तीन शाळांची एक जीवघेणी स्पर्धा भरते. बक्षीस एक हजार सोन्याची नाणी. प्रत्येक शाळेतून एक स्पर्धक. अट अशी, की वय सतरा पूर्ण हवं. ज्याला भाग घ्यायचा त्यानं आपलं नाव चिठ्ठीवर लिहून एका पेटत्या चषकात टाकायचं. लहान मुलांनी घुसू नये म्हणून मुख्याध्यापकांनी भोवती जादूची रेघ मारलेली. रॉनचे जुळे भाऊ ती ओलांडायला जातात आणि पांढऱ्या दाढ्या घेऊन परत येतात. एकतीस ऑक्टोबरच्या रात्री तीन शाळांची तीन नावं चषकातून बाहेर पडतात. मग, सगळे नियम मोडून, चौथं नाव येतं. हॅरी पॉटर.

हॅरीनं ते टाकलेलं नाही. कुणीतरी त्याला मारण्यासाठी टाकलंय. तो हादरून वर येतो, गर्दी त्याला खांद्यावर घ्यायला धावते, त्यातून सुटून तो खोलीत पोचतो. तिथे रॉन एकटा पलंगावर पडलेला असतो. चेहऱ्यावर एक विचित्र, ताणलेलं हसू.

रॉन काय विचारतो? "तुलाच का?" असं विचारत नाही. "एवढं नाव मिळालं तुला, कमी होतं का?" असंही नाही. तो विचारतो, की तू ती रेघ ओलांडलीस कशी? अदृश्य व्हायचा झगा पांघरलास का? हॅरीकडे वडिलांचा तसा झगा आहे, आणि तो पांघरून हे दोघे तीन वर्षं रात्री-अपरात्री शाळाभर हिंडलेत. हॅरी म्हणतो, त्या झग्यानं ती रेघ ओलांडता आली नसती. त्यावर रॉनच्या मनातलं बाहेर येतं. झगा असता तर तू मला सांगितलं असतंस, कारण त्यात आपण दोघेही मावलो असतो, अशा अर्थाचं तो बोलतो.

श्रोतेहो, माझं सगळं व्याख्यान या एका वाक्यापाशी आहे. रॉनला दुखलंय ते इथे. हॅरीला काय मिळालं यापेक्षा, त्यानं ते माझ्यावाचून मिळवलं, हे जास्त झोंबलंय. तो सरळ धरून चाललाय की हॅरीनं गुपचूप नाव टाकलं. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा हॅरीनं एक उनाडकी एकट्यानं केली, आणि वर खोटंही बोलतोय. हॅरी जीव तोडून सांगतो की मी नाही टाकलं. रॉनला ते ऐकूच येत नाही. कसं येणार? "मी केलं नाही" हे त्याला "मी तुला सांगणार नाही" असंच ऐकू येतं.

तुम्ही म्हणाल, इतकं साधं आहे का ते? कीर्तीचा हेवा नाही त्यात? आहे. पैशाचा नाही? तोही आहे, आणि त्याबद्दल रोलिंग फार बारकाईनं लिहिते. त्याच वर्षी उन्हाळ्यात विश्वचषकाच्या सामन्याला हॅरी मित्रांसाठीही महागड्या दुर्बिणी घेतो. रॉन संकोचतो. मग सामन्यात आकाशातून सोन्याच्या नाण्यांचा पाऊस पडतो, तेव्हा हा धावत जाऊन मूठमूठ नाणी गोळा करतो आणि हॅरीच्या हातात कोंबतो : हे घे दुर्बिणीचे. किती हायसं वाटलं असेल त्याला! कित्येक महिन्यांनी वर्गात कळतं, की ते सोनं मायावी होतं, काही तासांत विरून जाणारं. रॉन हॅरीला विचारतो, तू बोलला का नाहीस? हॅरी म्हणतो, माझ्या लक्षातच आलं नाही. खिशातून मूठभर सोनं नाहीसं झालं, आणि याच्या लक्षातसुद्धा आलं नाही! नंतर जेवताना रॉन ताटाकडे बघत पुटपुटतो, इतके पैसे असणं छान असेल नाही, की गेलेले कळूही नयेत. आणि वर म्हणतो, की मला गरिबीचा संताप येतो.

ही गंमत जादूशिवाय लिहिता आली नसती असं नाही. पण विरून जाणारं सोनं हे जादूच्याच गोष्टीत सापडतं. गरीब मित्राचं फिटलेलं ऋण रात्रीतून पुन्हा चढतं, आणि ज्याचं ऋण आहे त्याला पत्ताही नाही. वास्तववादी कथेला इथे चार पानं लागली असती.

या पुस्तकाचा एक मोठा गुण म्हणजे हॅरीलाही ते सोडत नाही. आपण वाचक हॅरीच्या डोक्यात बसलेलो असतो, त्यामुळे रॉनचा राग येतो. पण भांडणाच्या मध्यावरची एक रात्र बघा. हॅरी मध्यरात्री शेकोटीपाशी एका वडीलधाऱ्याशी गुपचूप बोलतोय. जिन्यावर पावलं वाजतात, बोलणं तुटतं. रॉन खाली आलाय. आखूड झालेला, किरमिजी रंगाचा पायजमा घालून. कशाला आला? हॅरी कुठे गेला ते बघायला. अबोला धरलाय, तरी हा पलंगावर नाही हे कळलं आणि तो उठून शोधायला आला! हॅरी मात्र त्याच्यावर बरसतो. हॅरीची टवाळी करणारा एक बिल्ला तिथे पडलेला असतो, तो उचलून रॉनच्या कपाळावर फेकून मारतो आणि ऐकवतो, की आता नशीब असेल तर तुझ्याही कपाळावर व्रण उठेल, तेच हवंय ना तुला?

यापेक्षा क्रूर वाक्य हॅरीनं मित्राला ऐकवल्याचं मला आठवत नाही. आणि ते खोटं आहे का? पूर्ण खोटं नाही, म्हणून तर ते इतकं लागतं. रॉन काही बोलत नाही. उलट हात उचलत नाही. हॅरीला वाटत असतं की यानं मारावं, म्हणजे बरं वाटेल. रॉन त्या आखूड पायजम्यात नुसता उभा राहतो.

जिवलग मित्राला नेमकं कुठे मारायचं ते ठाऊक असतं. परका मुलगा रॉनला गरीब म्हणून चिडवू शकतो, ते वर्गातला एक मुलगा रोजच करतो, आणि रॉन त्याच्या अंगावर धावून जातो. व्रणाचं वाक्य फक्त हॅरीच बोलू शकत होता.

या भांडणात तिसरी एक व्यक्ती आहे, तिच्याकडे आपलं लक्ष कमी जातं. हर्मायनी. दोघांची मैत्रीण. हॅरीला मत्सर हा शब्द पहिल्यांदा तीच ऐकवते. रॉनच्या घरी इतके भाऊ, बाहेर तू. लोक तुला बघतात तेव्हा तो बाजूला ढकलला जातो, आणि तो हे मुकाट्यानं सोसतो, या वेळी सोसण्यापलीकडे गेलं, असं ती समजावते. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी हे बोलते! आणि मग निरोप पोचवायची वेळ येते. याला सांग, त्याला सांग. ती एकदा साफ म्हणते, मी काही सांगणार नाही, तुमचं तुम्ही बोला. आपल्या प्रत्येकाच्या वर्गात अशी एक मुलगी किंवा मुलगा असायचाच. दोघे भांडायचे, मधल्या सुट्टीत डबा कुणाबरोबर खायचा हा प्रश्न मात्र हिला पडायचा. भांडण मिटलं की दोघे खो-खो हसत निघून जायचे आणि हिचे कुणी आभारही मानायचे नाहीत. रोलिंगनं इथे न्याय केलाय. पहिल्या फेरीत हॅरी अजस्र ड्रॅगनच्या तावडीतून वाचून येतो, पांढराफटक पडलेला रॉन तंबूत येतो, कुणीतरी तुला मारायला बघतंय असं कबूल करतो, माफी मागायला तोंड उघडतो, आणि हॅरी म्हणतो, असू दे, सोड. दोघे हसायला लागतात. हर्मायनी रडते, पाय आपटते, तुम्ही दोघे मूर्ख आहात म्हणते आणि निघून जाते. बरोबरच आहे तिचं.

ती माफी मात्र शब्दांत आलीच नाही, हे लक्षात ठेवा. रॉनचं तोंड उघडलं होतं. हॅरीला ते ऐकायची गरज उरली नव्हती.

आणि एक छोटी नोंद करून पुढे जातो. पाचव्या पुस्तकात पारडं फिरतं. मॉनिटरचा बिल्ला येतो तो रॉनच्या नावानं. रॉनची आई आनंदानं त्याला कवटाळते, घरातल्या सगळ्यांना मिळाला म्हणते; तेव्हा जुळ्यांपैकी एक विचारतो, मग आम्ही कोण, शेजारी? आणि हॅरी? तो काही मिनिटं एकटा राहतो. मनात एक आवाज हिशेब मांडत असतो, की मी रॉनपेक्षा किती जास्त केलंय. हॅरी स्वतःला पकडतो. हे मी काय करतोय? मग हसरा चेहरा करून तो मित्राचं अभिनंदन करायला जातो. फरक एवढाच, की हॅरीला हे एका दुपारी सोसावं लागलं. रॉन ते अकराव्या वर्षापासून सोसतोय.

आता मी तुम्हाला जरा घरच्या गोष्टीकडे नेतो. तीही जादूचीच आहे. मेलेल्याला उठवणारी विद्या आहे तिच्यात, शाप आहेत, वाऱ्याचं रूप घेऊन खोड्या काढणारा देव आहे. महाभारताच्या आदिपर्वातल्या देवयानी आणि शर्मिष्ठा. आपल्यातल्या बहुतेकांच्या मनात त्या वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'मधून आल्या आहेत. कादंबरी १९५९ची, तिला १९७४चं ज्ञानपीठ मिळालं. पण मी मुळाकडे जातो, कारण मला त्या दोघी ययाति येण्यापूर्वीच्या हव्या आहेत. पुरुष मध्ये आला की आपण मत्सर म्हणजे सवतीमत्सर एवढंच बघतो. ययाति येण्याच्या आधीच या दोघींचं पुरतं बिनसलेलं होतं.

शर्मिष्ठा असुरराज वृषपर्व्याची मुलगी. देवयानी त्या राजाच्या गुरूची, शुक्राचार्यांची. एकीकडे राज्य, दुसरीकडे विद्या. राज्य विद्येवाचून टिकत नाही आणि विद्या राज्याच्या अन्नावर जगते. म्हणजे दोघींपैकी मोठी कोण हे ठरतच नाही, आणि हेच तर सगळं दुखणं आहे! मुली पाण्यात उतरतात, इंद्र वारा होऊन काठावरची वस्त्रं मिसळून टाकतो, शर्मिष्ठेच्या हाती देवयानीचं वस्त्र येतं. चूक अगदी साधी. देवयानी म्हणते, शिष्य असून गुरुकन्येचं वस्त्र नेसतेस? शर्मिष्ठा म्हणते, तुझा बाप माझ्या बापाची खाली बसून स्तुती करतो, हात पसरतो, तू त्याची मुलगी. वस्त्रांची ओढाताण होते, शर्मिष्ठा तिला विहिरीत ढकलते आणि ती मेली असं समजून घरी निघून जाते.

एका वस्त्रावरून? नाही हो. "तुझा बाप मागतो" या वाक्यावरून. ते वाक्य कधीचं पोटात असणार. आणि "शिष्य असून" हे वाक्यही कधीचं असणार. हॅरीच्या व्रणाच्या वाक्यासारखीच ही वाक्यं आहेत, मैत्रिणीलाच सुचणारी.

पण पुढे काय होतं ते बघा. ययाति पाण्याच्या शोधात येतो, देवयानीला बाहेर काढतो. ती गावात पाऊल टाकायला नकार देते आणि दासीबरोबर वडिलांना निरोप धाडते. शुक्राचार्य येतात. आधी ते मुलीला क्षमेचं महत्त्व सांगतात, आणि ती त्यांचं काही ऐकत नाही. कोणती मुलगी त्या घडीला ऐकेल? मग तेच शुक्राचार्य राजाकडे जाऊन राज्य सोडण्याची धमकी देतात. राजाची भंबेरी उडते, कारण हे गेले की युद्धात मेलेले असुर उठवणार कोण? तो म्हणतो, काय हवं ते माग. देवयानी मागते, शर्मिष्ठेनं हजार दासींसह माझी दासी व्हावं, आणि मी लग्न होऊन जिथे जाईन तिथे माझ्यामागून यावं. शर्मिष्ठा कुळासाठी ते मान्य करते.

दोन मुलींचं भांडण दोन बापांच्या हाती गेलं आणि त्याचा तह झाला. तहात एक जिंकते, एक हरते. त्या तहानं दोघींना जन्मभरासाठी एका घरात बांधलं, आणि परतीची वाट बंद केली. दासी झालेल्या मैत्रिणीला "असू दे, सोड" म्हणता येत नाही. म्हणता येईल कसं? पुढचं ठाऊक आहे तुम्हाला. शर्मिष्ठेला ययातिपासून चोरून झालेली मुलं, पुन्हा बापाकडे धावलेली देवयानी, ययातिला म्हातारपणाचा शाप, पुरूनं दिलेलं तारुण्य. एवढा मोठा वंशवृक्ष त्या पाणवठ्यावर मिसळलेल्या वस्त्रांपासून सुरू होतो.

हॉगवर्ट्समध्ये हॅरी-रॉनच्या अबोल्यात एकाही शिक्षकानं हात घातला नाही. बहुधा त्यांच्या लक्षातच आलं नाही. मी शिक्षकांना दुर्लक्ष करा असं सुचवत नाहीये, पहिल्या रांगेत काही निवृत्त मुख्याध्यापक बसलेत आणि त्यांच्या भुवया मला दिसताहेत. पण दोन घरच्या आया-बाबांनी फोनाफोनी करून मिटवलेली भांडणं आठवा. मुलं त्यानंतर पुन्हा बोलायला लागली का?

आता मी आलोय मला सर्वांत अस्वस्थ करणाऱ्या जागेवर. रॉनच्या खिशातला तो म्हातारा उंदीर. तिसऱ्या पुस्तकात उलगडतं की तो उंदीर नव्हेच. तो पीटर पेटिग्र्यू नावाचा माणूस आहे, बारा वर्षं उंदराच्या रूपात या कुटुंबात लपलेला. हॅरीच्या वडिलांचा, जेम्सचा, शाळासोबती. जेम्स आणि सिरियस हे शाळेतले दोन झगमगते मित्र. पीटर त्यांच्या मागे मागे करणारा, त्यांच्या तोडीचा नसलेला. जेम्स आणि त्याची बायको कुठे लपलेत हे गुपित शेवटी याच्यावर सोपवलं गेलं, आणि यानं ते शत्रूला, त्या दुष्ट जादूगाराला, विकलं. ती दोघे मारली गेली. हॅरी पोरका झाला तो असा.

पीटर स्वतः कारण सांगतो ते भीतीचं. शत्रू फार बलाढ्य होता, मी काय करणार होतो? मला ते खोटं वाटत नाही, पण अपुरं वाटतं. वर्षानुवर्षं दोघा तेजस्वी मित्रांच्या सावलीत उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्याच्या मनात टाळ्यांखेरीज काहीच साठलं नसेल? लेखिका हे सांगत नाही. पण तिनं एक गोष्ट केली आहे, आणि ती सहज झाली असेल असं मला वाटत नाही. हा मित्रद्रोही तिनं कुणाच्या खिशात ठेवला? ज्याला नेमका तोच धोका आहे, त्याच्या. तेजस्वी मित्राच्या मागे उभा राहणारा रॉन रोज रात्री पीटरला उशाशी घेऊन झोपतो. पीटर उघडा पडतो तेव्हा तो रॉनच्याच पायाशी लोळण घेतो, मी तुझा चांगला उंदीर नव्हतो का म्हणून गयावया करतो. रॉनला शिसारी येते. त्याच रात्री, थोडं आधी, पाय मोडलेला असताना रॉन उभा राहून म्हणालेला असतो, की हॅरीला मारायचं तर आधी आम्हाला मारावं लागेल.

म्हणजे मत्सर करणारा मित्र आणि द्रोह करणारा मित्र एकच नव्हेत, हे तिसऱ्या पुस्तकातच ठरलं का? मला वाटतं नाही ठरलं. कारण सातव्या पुस्तकात रॉन मित्राला सोडून खरोखर निघून जातो.

तिघे आता सतरा-अठराचे आहेत, शाळा सोडून रानोमाळ तंबू टाकत फिरताहेत. खायला धड नाही. रॉनचा दंड जखमी आहे. शत्रूच्या आत्म्याचा तुकडा ज्यात बंद आहे असं एक लॉकेट त्यांच्या हाती आलंय, आणि ते नष्ट कसं करायचं हे माहीत नसल्यानं तिघे ते आळीपाळीनं गळ्यात घालतात. ते गळ्यात असलं की मन काळवंडतं. एका रात्री ठिणगी पडते. रॉन निघतो, लॉकेट काढून ठेवतो, हर्मायनीला विचारतो तू येतेस की राहतेस. ती राहते. तो जातो. जाताक्षणी त्याला परतायचं असतं, पण वाटेत तो धरला जातो, सुटतो, आणि परत येतो तो त्या जागी कुणी नसतं. शत्रूपासून लपण्यासाठी हर्मायनीनं तंबूभोवती घातलेली जादू आता त्यालाही बाहेर ठेवते. पुन्हा तो झग्याबाहेर!

कित्येक आठवड्यांनी, कडाक्याच्या थंडीत, तो सापडतो. गोठलेल्या तळ्यात तलवारीसाठी बुडी मारलेल्या हॅरीचा गळा तेच लॉकेट आवळत असतं. रॉन त्याला ओढून बाहेर काढतो, तलवारही काढतो. मग हॅरी एक शहाणपणाची गोष्ट करतो. तो म्हणतो, लॉकेट तू फोड. रॉन नको म्हणतो, त्याला त्या वस्तूची भीती वाटते. हॅरी लॉकेट उघडतो, आणि आतला आवाज रॉनशी बोलायला लागतो. त्याला रॉनच्या मनातलं सगळं ठाऊक आहे. आईला मुलगी हवी होती, तू नको होतास. आवडत्या मुलीला तुझा मित्र आवडतो. तुझ्या आईला तुझ्याऐवजी हाच मुलगा चालला असता. हॅरी आणि हर्मायनी यांच्या आकृत्या लॉकेटमधून उठतात, त्याला हिणवतात, त्याच्यादेखत एकमेकांना मिठीत घेतात.

आईचं ते वाक्य कुठून आलं? पहिल्या पुस्तकातून. नाताळला रॉनची आई सगळ्या मुलांना हातानं विणलेले स्वेटर पाठवते. रॉनचा दरवर्षी किरमिजी, त्याला न आवडणारा. त्या वर्षी ती हॅरीलाही एक पाठवते, पाचूसारखा हिरवा. जुळा भाऊ तो हातात धरून गमतीनं म्हणतो, याचा आपल्यापेक्षा बरा विणलाय, घरचा नसला की आई जास्त मेहनत घेते. सगळे हसतात. आपण वाचकही हसून पान उलटतो. सहा पुस्तकं ते वाक्य रॉनच्या पोटात राहिलं होतं, आणि लॉकेटनं ते काढून दाखवलं. इथे मला लेखिकेला दाद द्यावीशी वाटते. लॉकेटनं नवं खोटं रचलं नाही. घरच्या थट्टेतलं वाक्य घेतलं आणि त्यातलं हसू तेवढं काढून टाकलं.

रॉन तलवार उचलतो. क्षणभर हॅरीला वाटतं, वार कुणावर होणार? तो लॉकेटवर होतो.

मग हॅरी त्याला सांगतो, की हर्मायनी मला बहिणीसारखी आहे, तुला हे माहीत आहे असं मला वाटत होतं. सात वर्षांत हे बोललं गेलेलं नव्हतं! हॅरीच्या मनात कधी आलंच नाही, मग तो बोलेल कशाला? ज्याच्या मनात संशय नसतो तो खुलासा करत नाही. आणि खुलासा होत नाही म्हणून दुसऱ्याचा संशय वाढत राहतो. सोन्याचं झालं तसंच. खिसा भरलेल्याला कळत नाही, रिकाम्याला विसरता येत नाही.

मघाशी मी म्हटलं, पीटर आणि रॉन यांच्यातला फरक तिसऱ्या पुस्तकात ठरला नाही. तो या तळ्याकाठीही एकट्या रॉनमुळे ठरत नाही. रॉन परत आला, पण परत येण्याजोगी जागा हॅरीनं ठेवली होती. त्यानं लॉकेट स्वतः फोडलं असतं तर रॉन आयुष्यभर "त्या रात्री पळालेला" राहिला असता. रॉन म्हणतो, माफ कर, मी गेलो. हॅरी त्याला आठवण करून देतो, की तलवार तू आणलीस, माझा जीव तू वाचवलास. रॉनला वाटतं, सांगताना ते प्रत्यक्षापेक्षा भारी वाटतंय. हॅरी म्हणतो, अशा गोष्टी नेहमी सांगतानाच भारी वाटतात, हेच तर मी तुला इतकी वर्षं सांगतोय. व्रण असलेला मुलगा व्रण नसलेल्याला कीर्तीबद्दल जे सांगू पाहत होता, ते रॉनला समजलं ते स्वतःच्या वाट्याला थोडीशी कीर्ती आल्यावर.

वेळ झाली आहे, अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलेलं मी बघितलं. पण हर्मायनीचं सांगितल्याशिवाय थांबता येणार नाही. दोघे मित्र तंबूत परततात, तळ्यात भिजलेले, तलवार घेऊन, खूश. हर्मायनीला वाटतं का, की झालं गेलं विसरावं? ती उठते आणि रॉनला मुठींनी बडवायला लागते. हॅरीकडे आपली छडी मागते, तीही रॉनवर चालवायला. हॅरीला दोघांच्या मध्ये जादूची ढाल उभी करावी लागते. रॉननं जीव वाचवला हे सांगूनही ती निवत नाही. ती त्याला विचारते, मी तुझ्यामागे धावत आले होते, हाका मारत होते, तुला विनवत होते, त्याचं काय? पुढे कित्येक दिवस ती त्याच्याशी धड बोलत नाही.

माझ्या ओळखीतले बहुतेक पुरुष वाचक म्हणतात, की ती फार ताणते. बहुतेक बायका म्हणतात, की हॅरीनं फार लवकर सोडून दिलं. माझा कल हर्मायनीकडे आहे, आणि तो का, हे मी आत्ता सांगत बसलो तर प्रश्नोत्तरांना वेळ उरणार नाही. मागच्या रांगेतून एक हात केव्हाचा वर आहे. विचारा.